हक्कसोड नसलेला वारसा

न्हावऱ्यात कुणाच्या सावडण्याला गेलं, की विधी उरकेपर्यंत बाजूला उभ्या असलेल्या माणसांत हलक्या आवाजात बोलणं चालू असतं. गेलेल्याचं वय काय होतं, त्याचा बाप कितव्या वर्षी गेला, चुलता कशानं गेला. ‘त्यांच्यात पन्नाशी कुणी ओलांडलीच नाय.’ ‘शुगर हायेच की त्या घरात, आज्यापासनं.’ ‘छातीत कळ आली अन् खलास.’ शिकलेली माणसं याला अडाणी गप्पा म्हणतात. मला तसं वाटत नाही. घोड आणि भीमेच्या मधल्या या पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच वाड्या-वस्त्यांवर राहिली. एकमेकांच्या घरातली मरणं त्यांनी जवळून पाहिली आणि कोणतं दुखणं कोणत्या घरात पुन्हा पुन्हा येतं, ते मनात नोंदवून ठेवलं. डॉक्टर ज्याला कौटुंबिक इतिहास म्हणतात, तो आमच्याकडे लिंबाखाली उभ्या-उभ्या सांगितला जातो.

त्यात बायका मात्र नसतात. बाई ‘पोटात गाठ झाली होती’, ‘अंगावरून जायचं’, ‘वाळत वाळत गेली’ एवढ्यात संपते. तिचं मरण कोणत्या घराच्या नावे धरायचं, हेही कुणी ठरवलेलं नसतं. सासरी ती बाहेरून आलेली आणि माहेरी देऊन टाकलेली.

आमची थोरली आत्या अशीच गेली. तिला पारगावला दिली होती, दौंड तालुक्यात. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघालं की भीमा ओलांडून. तिचं पोट फुगत गेलं, पोटात पाणी झालं, ते काढलं की पुन्हा भरायचं. पन्नाशीच्या आतच ती गेली. आमच्या घरात त्याची नोंद ‘आत्याला पोटाचं झालं होतं’ एवढीच राहिली. पुढे बऱ्याच वर्षांनी तिच्या धाकट्या मुलीला, माझ्या आतेबहिणीला, चाळिशी लागता लागता स्तनाचा कर्करोग निघाला. पुण्यात शस्त्रक्रिया झाली, केमो झाली. तिथल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, ‘आई कशानं गेली?’ तिनं पोटातल्या पाण्याचं सांगितलं. तेवढ्या उत्तरावर त्यांनी जनुकीय तपासणी करायला सांगितली. जांभळ्या झाकणाच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि काही आठवड्यांनी अहवाल आला. बीआरसीए-1 नावाच्या जनुकात दोष होता.

स्तनाचा कर्करोग काही घरांत वारशानं उतरतो आणि त्याचं मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे, हे अमेरिकेतल्या मेरी-क्लेअर किंग यांनी 1990 साली दाखवून दिलं. चार वर्षांनी ते जनुकच हाती लागलं. त्याचं काम दुरुस्तीचं. पेशीतला डीएनए रोज कुठे ना कुठे तुटतो, तो हे जनुक सांधून घेतं. आपल्याकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत जन्मापासून बिघडलेली असली, तर दुसरीवर काम भागतं. एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली की तुटलेलं सांधायला कुणी उरत नाही. असा दोष असलेल्या शंभर बायकांपैकी साधारण साठ ते सत्तर जणींना आयुष्यात कधी ना कधी स्तनाचा कर्करोग होतो आणि चाळीसेक जणींना बीजकोशाचा. आत्याच्या पोटातलं पाणी बहुधा कशाचं होतं, ते तिच्या मुलीच्या रक्तानं आम्हाला इतक्या वर्षांनी सांगितलं.

समुपदेशन करणाऱ्या बाईंनी आतेबहिणीपुढे एक कागद ठेवला. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल. तीन पिढ्या भरा म्हणाल्या. तिनं मला फोन केला, ‘आपल्या आजीला बहिणी किती होत्या गं? त्या कशानं गेल्या?’ मला सांगता येईना. थोरल्या भावाला, दादाला विचारलं, चुलत्याला विचारलं, भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारलं. अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधात गावोगाव वंशावळी काढल्या गेल्या, तशी आमचीही निघाली होती. मोडीतले कागद, जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं धुंडाळून बापाचा बाप, त्याचा बाप असा वर चढत गेलेला सुबक तक्ता दादानं प्लास्टिकमध्ये घालून ठेवला आहे. त्या अख्ख्या तक्त्यात एकही बाई नाही. चौकोनच चौकोन. आमच्या सात पिढ्या जणू कुणाच्या पोटी न येता जन्मल्या.

आणि हे जनुक तर कुणाच्याही मधून जातं. ‘स्तनाचा कर्करोग म्हणजे आईकडून येणार’ हा समज मी पुण्यातल्या उच्चशिक्षित घरांतही ऐकला आहे. तो चूक आहे. दोष असलेल्या माणसाच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मग देणारा बाप असो की आई, घेणारी मुलगी असो की मुलगा. माझ्या वडिलांना कधी ते दुखणं झालं नाही. पण आत्यात तो दोष होता म्हणजे आमच्या आजीत किंवा आजोबांत तो असणार, आणि वडिलांतही असू शकत होता. त्यांच्या मागे आम्ही तीन भावंडं, दादा, मी आणि धाकटी.

आमच्याकडे जमिनीचं काय होतं, ते सांगायला हवं. महाराष्ट्रानं 1994 साली आणि देशानं 2005 साली मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हिस्सा कायद्यानं दिला. तरी वडील गेले की बहिणी शिरूरला निबंधकाच्या कचेरीत जातात, हक्कसोडपत्रावर सही करतात, भाऊ साडी-चोळी करतो, आणि सातबाऱ्यावर त्यांची नावं राहत नाहीत. आत्यांनी वडिलांसाठी सही केली. मी आणि धाकटीनं दादासाठी केली. कुणी जबरदस्ती केली नाही. न करणारी बहीण माहेराला मुकते, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. या दुसऱ्या वारशाला हक्कसोडपत्र नाही. तो नको म्हणून सही करून भावाच्या नावे करता येत नाही, आणि भावालाही तो एकट्याला ठेवून घेता येत नाही. आमच्या घरात मुलामुलींत इतकी काटेकोर समान वाटणी झालेली ही पहिलीच गोष्ट.

घरातला दोष एकदा नेमका कळला, की बाकीच्यांची तपासणी सोपी होते. जनुकाची सगळी हजारो अक्षरं वाचायला लागत नाहीत. आतेबहिणीच्या अहवालात जी जागा दिली आहे, तेवढीच पाहायची. उत्तरही स्वच्छ येतं, आहे किंवा नाही. म्हणून आधी आजारी माणसाची तपासणी करावी, मग निरोग्यांची. मी आणि दादा पुण्याला जाऊन रक्त देऊन आलो. दादाला मी जवळजवळ ओढूनच नेलं.

माझ्यात नव्हता. दादात होता.

सुटल्याचा आनंद मला वाटला, खोटं कशाला बोलू. पण तो अर्धा दिवससुद्धा टिकला नाही. दादाला एक मुलगी आहे, माझी भाची. शिकलेली, नोकरी करणारी, लग्नाच्या वयाची.

‘मला काय व्हायचंय? मी बाप्या माणूस,’ दादा म्हणाला. हे पुरतं खरं नाही. असा दोष असलेल्या पुरुषालाही स्तनाचा आणि प्रोस्टेटचा कर्करोग होण्याचा धोका इतरांहून थोडा जास्त असतो. ते मी त्याला सांगितलं. पण त्याचं लक्ष त्याच्या स्वतःच्या शरीराकडे नव्हतंच. घरी येताना तळेगाव ढमढेऱ्यापर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, ‘कुणाला बोलू नगंस. धाकटीलाबी नको. तिच्या सासरी कळलं की चार गावांत होईल. पोरीची सोयरीक व्हायचीय.’

त्याच्या भीतीला मी नावं ठेवत नाही. ती खरी आहे. विम्यापुरतं बोलायचं तर, आनुवंशिक आजार आहे एवढ्याच कारणावर सरसकट विमा नाकारणं हा भेदभाव आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 साली म्हटलं. सोयरिकीला असलं न्यायालय नाही. मुलीच्या घरात ‘काहीतरी आहे’ एवढी कुजबुज पुरते आणि बघायला येणारे येईनासे होतात. मुलाच्या घरातलं मात्र कुणी विचारत नाही.

याच लग्नात पत्रिकेतली नाडी जुळते का, ते रात्र-रात्र बसून पाहतात. ज्या तपासणीनं खरोखर पुढचं दुःख टळतं, ती कुणी करत नाही. थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे दोन्ही रक्ताचे आजार असे, की वाहक माणूस स्वतः धडधाकट असतो, पण नवरा-बायको दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता चारात एक. एचपीएलसी नावाच्या रक्ततपासणीत ते आधीच कळतं. सिकलसेलचं विदर्भातलं ओझं मोठं आहे. या आजारासाठी 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवून. आमच्या भागात अजूनही मामाच्या मुलीशी लग्न लावतात आणि त्यात माया आहे, जमीन-जुमल्याचा विचारही आहे. पण आते-मामे भावंडांत आठवा हिस्सा जनुकं एकाच आजी-आजोबांकडून आलेली असतात, म्हणून घरात दडलेला एखादा दोष दोन्हीकडून एकाच बाळात उतरण्याची शक्यता वाढते. अशा घरांत तर लग्नाआधी ही तपासणी व्हायलाच हवी, असं मला कळकळीनं वाटतं.

सगळ्या जनुकीय अहवालांवर मी असा विश्वास ठेवते का? नाही. त्याचं कारण माझ्या अंगात आहे.

मी काटकुळी. आयुष्यात कधी जाड झाले नाही, शेतातलं काम लहानपणापासून केलेलं. तरी माझी साखर चाळिशीतच वाढली. भाच्यानं मध्यंतरी थुंकी भरून पाठवायची एक पेटी मागवली, माझ्यासाठीही एक. आलेल्या रंगीत अहवालात मधुमेहाचा माझा धोका ‘सरासरीपेक्षा कमी’ होता. मी तेव्हा कित्येक वर्षं गोळ्या घेत होते.

मधुमेहासारखा आजार एका जनुकानं ठरत नाही. शेकडो ठिकाणचे बारीक फरक एकत्र करून धोक्याचा एक आकडा काढतात, आणि हे फरक शोधले गेले ते मुख्यतः युरोपातल्या माणसांच्या रक्तात. आमच्या रक्ताच्या नोंदी आत्ता कुठे जमू लागल्या आहेत. दहा हजार भारतीयांचे जनुकीय आराखडे गोळा करणाऱ्या जिनोम इंडिया प्रकल्पाचा साठा जानेवारी 2025 मध्ये संशोधकांना खुला झाला. नोंदी कमी असल्या की अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा जास्त वेळा येतो, आणि ठाम वाटलेलं विधानही पुढे बदलतं. हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकात 25 अक्षरांची एक गळती भारतीय उपखंडातल्या शंभरातल्या चार जणांत असते आणि तिच्यामुळे हृदय निकामी होण्याचा धोका बराच वाढतो, असं 2009 साली हैदराबादच्या शास्त्रज्ञांसह एका गटानं मांडलं. पुढे 2018 साली दुसऱ्या अभ्यासातून दिसलं, की धोक्याचं मोठं ओझं त्या गळतीच्या शेजारी काहींत असलेल्या आणखी एका बदलावर आहे. लिंबाखाली ‘छातीत कळ’ म्हणणाऱ्यांना कुणी 2009 साली हा अहवाल दिला असता, तर कित्येक जण विनाकारण धास्तावून बसले असते.

मग माझी साखर कुठून आली? त्याचं बरंचसं उत्तर आमच्याच तालुक्याच्या वढू-पाबळच्या बाजूनं मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, त्यांच्या गरोदरपणाआधीपासून, अभ्यास सुरू केला. त्या बायकांचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची बाळं 3.5 किलोची. आपली बाळं हाता-पायांनी, स्नायूंनी बारीक होती, पण चरबी त्या मानानं टिकून. दिसायला रोड, आतून स्थूल. याच गावांतल्या दोन-तृतीयांश मातांत ब-12 जीवनसत्त्व कमी होतं, आणि ज्यांच्यात ते कमी पण फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची खूण दिसली. याच अभ्यासातल्या डॉ. शोभा राव यांच्या कामातून दिसलं, की ज्यांच्या पोटात पालेभाजी, दूध, फळं गेली त्यांची बाळं अंगानं मोठी, आणि ज्यांना गरोदरपणात अंगमेहनतीचं काम जास्त पडलं त्यांची लहान. 2004 साली डॉ. याज्ञिक यांचा इंग्लंडातल्या डॉ. जॉन युडकिन यांच्याशेजारी उभा असलेला फोटो ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्यात 21.2.

हे वाचलं आणि मी आईजवळ जाऊन बसले. मी 1973 च्या उन्हाळ्यातली. बाहत्तरच्या दुष्काळात ती माझ्या वेळी पोटुशी होती. ‘काय खायचीस तेव्हा?’ मी विचारलं.

‘काय असायचं? मिलोची तांबडी भाकर. कामावर सुकडी मिळायची, ती दादाला चारायची. खडी फोडायचो आम्ही, पाझर तलावाच्या कामावर. सातव्या महिन्यापतूर गेले मी.’

‘आणि घरी?’

‘घरी बाप्ये जेवले, पोरं जेवली, सासू जेवली, की मग मी. कालवण उरलं तर उरलं.’

त्या दुष्काळात पोटात असलेल्या आमच्यासारख्यांचं पुढे काय झालं, हे मी एकटीवरून सांगू शकत नाही. पण हॉलंडमध्ये 1944-45 च्या उपासमारीच्या हिवाळ्यात आईच्या पोटात असलेल्यांची साखर पन्नाशीत इतरांपेक्षा जास्त बिघडलेली आढळली आहे. ती उपासमार काही महिन्यांची. आमच्या घरात बाईनं शेवटी जेवायचं, हे चांगल्या पावसाच्या वर्षीही चुकलं नाही. वंशावळीत आजीचं नाव नव्हतं, आणि माझ्या थुंकीच्या अहवालात आईचं ताट नव्हतं. दोन्ही कागदांनी मला माझ्याबद्दल सांगायचं, आणि दोन्हींतून नेमकी बाई गळलेली.

म्हणून मी ठरवलं, की धाकटीपासून हे लपवायचं नाही. दादाशी भांडले. त्या भांडणात निर्णय भाचीनं दिला. तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं. अहवाल दादाचा होता आणि सांगायचा हक्कही त्याचाच. पण तिनं कपाटातला कागद वाचला आणि रात्रभर माहिती काढून सकाळी चुलीपुढं येऊन बसली. म्हणाली, ‘दादा, मला दोष असला तर पंचविशीपासून दर वर्षी एमआरआय करता येतो, पुढे मॅमोग्राफीही. गाठ दाण्याएवढी असताना सापडते. मुलं झाल्यावर पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान बीजकोश काढून टाकता येतात. आत्याआजीच्या वेळी यातलं काही नव्हतं. माझ्या वेळी आहे. आणि हे ऐकून जो नको म्हणेल, तो आधीच कळलेला बरा.’

तिनं तपासणी केली. समुपदेशनाला मी सोबत गेले होते, तिच्या सांगण्यावरून खोलीबाहेर थांबले. अहवालात काय आलं, ते तिनं सांगायचं. मी इथे लिहिणार नाही.

दादा बदलला, असं म्हणवत नाही. तो आठ-दहा दिवस बोललाच नाही, उसाच्या पाण्याच्या पाळ्या धरत रानातच राहिला. मग एका संध्याकाळी ओसरीवर येऊन बसला, भाचीला म्हणाला, ‘तुझ्या धाकट्या आत्याला फोन लाव. मीच सांगतो.’

धाकटीला मांडवगण फराट्याला दिली आहे. दादानं सांगताना बराच घोटाळा केला. जनुक, गुणसूत्र, काय काय म्हणाला. शेवटी म्हणाला, ‘बाई, आपल्या आप्पांकडनं आलंय ते. जमिनीत तू सही दिलीस. ह्यात तुझा वाटा आसंल तर तो तुझ्याकडंच हाय, मला काढून घेता येत न्हाई.’

पलीकडून धाकटीनं बराच वेळ काही विचारलं नाही. मग तिचा आवाज आला, ‘माझ्या पोरीला कधी न्यायचं?’

भाचीनं फोन हातात घेतला. ‘तिला नाही, आत्या. ती अजून अठराची व्हायचीय, आणि तोवर तपासत नाहीत. आधी तुझं रक्त. तुझ्यात नसेल, तर तिला तपासायची गरजच नाही. सोमवारी जमेल का? येताना आधार कार्ड आण, आणि तुला तुझ्या आजीबद्दल जे आठवतंय ते सगळं एका कागदावर लिहून आण.’